सगळं एकाच लेन्समध्ये? १८-३०० सोबतची तीन वर्षं

आधीच सांगतो, मागे हॉर्न ऐकू आले तर समजून घ्या. मी चिखलीत राहतो, आणि रात्र झाली की आमच्या रस्त्याने चाकणकडे जाणारे कंटेनर सुरू होतात. ते थांबायची वाट बघत बसलो तर हा भाग कधीच रेकॉर्ड होणार नाही.

आजचा विषय तुमच्याकडूनच आलाय. दर आठवड्याला दोन-तीन मेसेज असतात. "दादा, सेकंडहँड कॅमेरा मिळतोय, लेन्स एकच घ्यायचीये. १८-२०० घेऊ, १८-३०० घेऊ की सगळे म्हणतात ती ५० घेऊ?" मी आतापर्यंत एका ओळीत उत्तर देऊन मोकळा व्हायचो. पण ही लेन्स मी का घेतली ते एका ओळीत सांगता येत नाही, म्हणून आज पूर्ण भाग. ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे, म्हणजे तुमच्यातले बहुतेक, त्यांनीही थांबा. मध्ये एका ठिकाणी मोबाइल माझ्या लेन्सला साफ हरवतो, तो किस्सा आहे.

सुरुवात पप्पांपासून करतो.

पप्पा भोसरी एमआयडीसीतल्या एका वेंडर कंपनीत होते. आमच्याकडे कारखाना कुणी म्हणत नाही, कंपनीच म्हणतात, मग तिथे चाळीस माणसं असोत नाहीतर चार हजार. हेल्पर म्हणून लागले, प्रेस शॉपला राहिले, शेवटची बारा-तेरा वर्षं टूलरूमला डाय मेंटेनन्स बघायचे. चौतीस वर्षं. आणि या चौतीस वर्षांत त्यांचा कामावरचा एकही फोटो नाही. कंपनीत कॅमेरा नेता येत नाही, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर पण गेटवरच स्टिकर चिकटवतात. खंडेनवमीच्या मशीन पूजेचा एक ग्रुप फोटो आहे, त्यात पप्पा शेवटच्या रांगेत, अर्धे कुणाच्या तरी टोपीमागे.

३१ मे २०२२ ला ते रिटायर झाले. इकडे हा कार्यक्रम कसा असतो ते माहितीच असेल. आत शाल, श्रीफळ, भाषणं. बाहेर गेटवर फुलांनी सजवलेली जीप, हलगी, गुलाल. आम्ही घरचे सगळे गेटबाहेर उभे. मी तेव्हा नुकताच कॅमेरा घेतला होता. क्रॉप सेन्सर, चोवीस मेगापिक्सल, सोबत आलेली १८-५५. आणि यूट्यूबवर प्रत्येक जण सांगत होता म्हणून ५० एमएम एफ १.८ वेगळी घेतलेली. मागचं सगळं मऊ धूसर होतं ना, त्याची हौस. तर कॅमेऱ्यावर ती ५० होती.

पप्पा बाहेर आले. मित्रांनी सरळ खांद्यावर घेतले. आणि माझ्या फ्रेममध्ये काय, तर पप्पांचा फेटा आणि कुणाचा तरी हात. क्रॉप सेन्सरवर ५० म्हणजे फुल फ्रेमच्या हिशोबाने ७५ होते, चार फुटांवरच्या गर्दीला ती अजिबात पुरत नाही. मागे सरकलो तर रस्ता, मागून टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय. मग मी बॅग उघडली. ५० काढली, तिचं मागचं टोपण सापडेना, टोपण शर्टाच्या खिशात, १८-५५ चा पांढरा ठिपका कॅमेऱ्याच्या ठिपक्यासमोर धरला, फिरवली, टक आवाज आला. वीस सेकंद लागले असतील. तीस म्हणा.

तेवढ्यात पप्पा खांद्यावरून उतरले, एकटे परत गेटपाशी गेले, वाकून गेटच्या खालच्या पट्टीला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. देवळाच्या पायरीला करतो तसं. मग वॉचमनला मिठी मारली आणि येऊन जीपमध्ये बसले. मी वर बघितलं तेव्हा ते जीपमध्ये बसत होते.

हे मला कसं माहीत, तर माझ्या आतेभावाच्या मोबाइलमध्ये त्याचा व्हिडिओ आहे. उभा, हलणारा, अर्ध्या फ्रेममध्ये काकांचा खांदा. त्यातून फोटो काढून मोठा केला तर पप्पा म्हणजे थोडे ठिपके उरतात. तरी तोच आहे आमच्याकडे.

आणि बोनस म्हणून, त्या अदलाबदलीत एमआयडीसीची धूळ आत गेली. तेव्हा कळलं नाही. पुढच्या आठवड्यात घोरावडेश्वरच्या पायऱ्यांवरून आकाश घेतलं, एफ ११ वर, तेव्हा प्रत्येक फोटोत उजवीकडे वर एक राखाडी डाग. सेन्सरवरची धूळ अशीच लपून बसते, लेन्सचं भोक मोठं असेल तर दिसत नाही, बारीक केलं की बाहेर येते. सेन्सर साफ करायला पैसे गेले ते वेगळे.

तर तिथून मी शोधायला लागलो की काढायची-लावायची भानगडच नको, अशी लेन्स आहे का. आहे. तिला सुपरझूम म्हणतात, ऑल-इन-वन म्हणतात, दुकानदार "ट्रॅव्हल लेन्स" म्हणतो. कल्पना जुनी आहे. ३५ एमएमच्या स्टिल कॅमेऱ्यासाठी पहिली झूम म्हणून जिचं नाव घेतात ती फॉइग्टलेंडरची झूमार १९५९ ची, आणि ती ३६ ते ८२ होती, म्हणजे सव्वादोन पट. १९९२ मध्ये टॅमरॉनने २८-२०० काढली, सात पट, आणि तीही हातात मावेल अशी. डिजिटल आल्यावर २००५ ची निकॉनची १८-२०० व्हीआर घ्या, अकरा पट. २०१७ मध्ये टॅमरॉननेच १८-४०० काढली, बावीस पट. फिल्मच्या काळातले फोटोग्राफर या लेन्सना नावं ठेवायचे, आजही ठेवतात. काही अंशी बरोबर आहे त्यांचं, त्यावर येतोच.

माझी १८-३०० आहे. कंपनीचं नाव घेत नाही, कारण घेतलं की कमेंटमध्ये मारामारी सुरू होते.

मोबाइलवाल्यांसाठी फरक सांगतो. तुमच्या फोनमध्ये मागे दोन-तीन भिंगं असतात, प्रत्येकाचं अंतर ठरलेलं. तुम्ही दोन बोटांनी झूम करता तेव्हा फोन एका भिंगावरून दुसऱ्यावर उडी मारतो, आणि मधल्या जागेत फोटो कापून मोठा करून देतो. म्हणून एका ठरावीक झूमला फोटो छान येतो आणि त्याच्या थोडं अलीकडे तो पिठूळ दिसतो. माझ्या लेन्समध्ये काचा खरोखर पुढे-मागे सरकतात. १८ ला असो, ९७ ला असो, सेन्सर पूर्ण वापरला जातो.

आता खरेदी. नवीन परवडत नव्हती. मोशीत एक जण विकत होता, १९,००० सांगत होता. पप्पा रिटायर होऊन आठच दिवस झाले होते, घरात बसवत नव्हतं त्यांना. "चल, मी पण येतो," म्हणाले. मला वाटलं चहा पिऊन येतील.

मी तिथे दुकानातल्यासारखं फोटो काढून बघत होतो. पप्पांनी लेन्स हातात घेतली, पूर्ण लांब केली, पुढचं टोक दोन बोटांत धरलं आणि अगदी हलकं वर-खाली केलं. डोळे मिटून. मग म्हणाले, "याला प्ले आहे."

विकणारा म्हणाला, "काका, झूम लेन्सला असतोच थोडा."

"असतो. पण याला एका बाजूला जास्त आहे. आत कॅम असणार ना? खाच एका बाजूला घासली आहे."

मंडळी, मी बीटेक आहे. झूम लेन्समध्ये आत काय असतं ते मी त्या दिवशी वडिलांकडून शिकलो. आत एक नळी असते, तिच्यावर तिरक्या, वाकड्या खाचा कापलेल्या असतात. तुम्ही रिंग फिरवता तेव्हा काचांच्या गटांच्या पिना त्या खाचांतून चालतात आणि प्रत्येक गट आपापल्या अंतराने सरकतो. हाच कॅम. ५० एमएमच्या साध्या लेन्समध्ये सहा-सात काचा असतात. या सुपरझूममध्ये सोळा ते एकोणीस. एवढ्या काचा, त्यातही लांब होताना नळीतून नळी बाहेर येते, म्हणजे टोकाला वजन आणि धरायला थोडीशीच जागा. टोक केसभर झुकलं तर फोटोची एक बाजू टोकदार आणि दुसरी पिठूळ येते.

पप्पा म्हणाले, "बघ काढून." समोर विटांची भिंत होती. ३०० ला काढला. डावीकडच्या विटा स्पष्ट, उजवीकडे कोपऱ्यात साय धरल्यासारखी. विकणाऱ्याचा चेहरा पडला. पण एफ ८ ला काढला तर बराच सुधारला. शेवटी १७,००० ला ठरलं. येताना गाडीवर पप्पा म्हणाले, "माल वाईट नाही. पण डोळे झाकून घेतला असतास." अशा लेन्सचा कोपरा थोडा पिठूळ असणारच, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, त्यामुळे नंतर त्रास झाला नाही.

आता या लेन्सची खरी किंमत. ती पैशात नसते, उजेडात असते. हिशोब सोपा आहे. एफ नंबर म्हणजे लेन्सची लांबी भागिले भोकाचा व्यास. ३०० ला एफ ६.३ म्हणजे व्यास साधारण ४८ मिलिमीटर. तेच ३०० ला एफ २.८ हवं असेल तर १०७ मिलिमीटर लागतात, म्हणजे पुढची काच लहान ताटलीएवढी. तशा लेन्स असतात, क्रिकेट मॅचला बाऊंड्रीवर बघितल्या असतील. अडीच किलोच्या आसपास वजन, आणि किमतीत चांगली मोटरसायकल येते. माझी सहाशे ग्रॅमच्या आसपास आहे. तर सहाशे ग्रॅममध्ये ३०० बसवायचं तर कुठेतरी कापावं लागतं, आणि ते उजेडात कापलंय. एफ १.८ च्या तुलनेत एफ ६.३ ला बारा पट कमी प्रकाश आत येतो. म्हणजे ५० ला आयएसओ ८०० वर जो फोटो निघतो, त्याच शटरला माझ्या लेन्सच्या लांब टोकाला दहा हजाराच्या आसपास आयएसओ लागतो.

आणि हे मी पहिल्यांदा अनुभवलं ते पालखीत.

२१ जून २०२२. तुकाराम महाराजांची पालखी देहूहून निघाली की दुसरा मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात असतो. निगडीला भक्ती-शक्ती चौकातून ती शहरात येते. त्याआधीची दोन वर्षं, २०२० आणि २०२१, कोरोनामुळे पायी सोहळा झाला नव्हता, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या होत्या. त्यामुळे त्या वर्षी गर्दी किती असेल, विचार करा. आणि आमच्या घरी अजून एक कारण. पालखी दर वर्षी पप्पांच्या शहरातून जाते आणि पप्पा दर वर्षी ड्युटीवर. आमच्याकडे सुट्टी गुरुवारी, पालखी काय गुरुवार बघून येत नाही. त्या वर्षी ते पहिल्यांदा देहू ते आकुर्डी चालले. गावाकडची, कळंबची एक दिंडी होती, तिच्यात.

मी भक्ती-शक्तीच्या जवळ डिव्हायडरवर उभा होतो. लेन्स एकच. बॅग घरी.

तिथे मला कळलं ही लेन्स कशासाठी आहे. १८ ला पूर्ण रस्ता, दोन्ही बाजूंची माणसं, पताका, मागे उड्डाणपूल. हात न हलवता रिंग फिरवली, ७० ला टाळ घेतलेली एक रांग. पुढे फिरवली, ३०० ला रथ, अजून लांब होता, पण बैलांच्या शिंगांना लावलेले गोंडे दिसत होते. परत मागे, २४ ला समोरून एक लहान मुलगी डोक्यावर छोटं तुळशी वृंदावन घेऊन चाललेली. हे सगळं मिनिटभरात. आणि मग २०० च्या आसपास शोधत असताना दिंडीच्या चौथ्या-पाचव्या रांगेत पप्पा. पांढरी टोपी, गळ्यात टाळ, टाळ वाजवता येत नाही म्हणून शेजारच्याच्या हाताकडे बघून वाजवताहेत. मी आठ फोटो काढले. ते जवळ येत गेले तशी मी रिंग मागे आणत गेलो. २०० ला पहिला, आठवा ३५ ला. आठवा फोटो काढताना त्यांनी मला बघितलं.

तो आठव्या क्रमांकाचा फोटो आमच्या हॉलमध्ये आहे.

मग आकुर्डी. संध्याकाळ झाली, अंधार पडला. मंदिराच्या आसपास ट्यूबलाइट, पिवळे बल्ब, मंडपाच्या माळा. मी ऐटीत लेन्स वर केली. शटर १/१५ सांगतंय. आता कुणी म्हणेल, लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन असतं की. असतं, आणि चांगलं असतं, पण ते तुमच्या हाताचं थरथरणं सांभाळतं. समोर फुगडी घालणाऱ्या दोन बायका थांबवणं त्याच्या हातात नाही. आयएसओ वाढवला तर फोटोत रांगोळीची भुकटी पसरल्यासारखं झालं. शेवटी कॅमेरा गळ्यात टाकला आणि खिशातून मोबाइल काढला. फोन पटापट अनेक फोटो घेऊन एकावर एक रचतो आणि त्याचं मुख्य भिंग एफ १.८ च्या आसपास असतं. मुक्कामातले त्या रात्रीचे आमच्याकडचे सगळे चांगले फोटो मोबाइलचे आहेत. पंक्तीचा एक तर इतका छान आलाय की लोक विचारतात कुठला कॅमेरा. सांगायला जरा जड जातं.

त्याच संध्याकाळी, अंधार पडायच्या आधी, अजून एक गोष्ट घडली, ती मला लेन्सच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाची वाटते. एका शाळेच्या कट्ट्यावर एक आजी भिंतीला टेकून झोपल्या होत्या. पाय पुढे पसरलेले, तळव्यांना भेगा, शेजारी पिशवी. मी रस्त्याच्या पलीकडून, २५० ला, दोन फोटो काढले. एकदम "फोटोग्राफर" फोटो, इन्स्टाग्रामवर चालतात तसले. खाली कॅमेऱ्यात बघत होतो, वर बघितलं तर आजी जाग्या आणि सरळ माझ्याकडे बघताहेत. हाताने बोलावलं.

"माझा फोटो काढला का रे?"

"हो आजी."

"दाखव."

दाखवला. मोठा करून मागितला. दोन मिनिटं बघत होत्या. मग म्हणाल्या, "तोंड उघडं पडलंय. पुसून टाक हा."

मी पुसला. दोन्ही पुसले, त्यांच्यासमोर. मग त्यांनी पदर डोक्यावर घेतला, पिशवीतून माळ काढून गळ्यात नीट केली, पाय आत घेतले आणि म्हणाल्या, "आता काढ." तो फोटो ३५ ला आहे. फोटोग्राफीच्या ग्रुपवर टाकला तर कुणी लाइकही करणार नाही, पासपोर्टसारखा आहे. त्यांच्या नातवाचा नंबर घेतला, पाठवला.

रस्त्यापलीकडून ३०० ला माणसं दिसतात, पण त्यांना तुम्ही दिसत नाही. पालखीच्या दिवसांत इंद्रायणीच्या घाटावर आंघोळीला आलेल्या बायकांवर लांब लेन्स रोखून उभे असलेले लोक मी बघितलेत. त्यांना कुणी काही बोलत नाही, कारण "फोटोग्राफर आहे." मी त्यांच्यातला नाही असं मला वाटत होतं. आजीने बोलावेपर्यंत. तेव्हापासून माझा एक साधा नियम आहे, चेहरा ओळखू येणार असेल आणि माणूस एकटा असेल तर फोटो काढून झाल्यावर तरी जाऊन दाखवायचा. पुसून टाक म्हणाले तर पुसायचा. दर वेळी जमत नाही, खोटं कशाला बोलू, पण लेन्स लांब असली की हा नियम जास्त लागतो.

आता जरा माझ्या धंद्याचं. प्रत्येक डिजिटल फोटोच्या आत त्याची माहिती लिहिलेली असते, एक्झिफ म्हणतात, किती एमएमला काढला तेही त्यात असतं. मी मागच्या महिन्यात एक छोटी पायथन स्क्रिप्ट लिहिली आणि तीन वर्षांचे सगळे फोटो, अकरा हजारांच्या वर, मोजले. आलेख बघून हसू आलं. निम्म्याहून जास्त १८ ते ३५ मध्ये. मग दरी. मग थेट ३०० ला एक मनोरा. म्हणजे मी एक तर पूर्ण मागे असतो नाहीतर रिंग शेवटापर्यंत पिळतो. मधलं काही नाही, जशी आपली पिंपरी-चिंचवडची ड्रायव्हिंग, फर्स्ट गिअर नाहीतर टॉप.

पण मग मी फक्त प्रिंट काढलेले फोटो मोजले. घरात लावलेले, नातेवाइकांना दिलेले, आईने अल्बममध्ये ठेवलेले, असे साठ. त्यात १०० च्या पुढचे फक्त नऊ, आणि त्या नवांतले सहा भिगवणच्या फ्लेमिंगोंचे. बाकी जवळजवळ सगळे २४ ते ७० मध्ये, म्हणजे बोलायच्या अंतरावरचे.

मग ३०० घेऊन चुकलो का? मला नाही वाटत. कारण पप्पांचा आठवा फोटो ३५ चा आहे, पण त्याआधी २०० ला ते दिसले नसते तर मी चुकीच्या दिंडीकडे बघत उभा असतो. पण तुम्ही घेण्याआधी हा हिशोब स्वतःचा करा. स्क्रिप्ट लागत नाही. गुगल फोटोजमध्ये फोटो वर सरकवला की खाली एमएम दिसतात. तुमच्या आवडीचे वीस फोटो बघा. सगळे मुख्य भिंगाचेच निघाले, तर तुम्हाला सुपरझूमची गरज नाही, पैसे वाचवा.

कुणी घेऊच नये तेही सांगतो. ज्यांचे फोटो मुख्यतः घरातले आणि हॉलमधले आहेत, बारसं, साखरपुडा, हळद, त्यांनी ३५ किंवा ५० एफ १.८ घ्यावी. पक्ष्यांचं खरंच वेड असेल तर ३०० एफ ६.३ वर पहाटे तुम्ही रडाल, भिगवणला सकाळी नऊनंतर, ऊन आल्यावर, माझी लेन्स माणसात येते. आणि ज्यांना सरळ रेषा प्रिय आहेत, म्हणजे इमारती, शेड, त्यांना १८ ला भिंती पोट सुटल्यासारख्या बाहेर आलेल्या दिसतील. कॅमेऱ्यात ते दुरुस्त करायची सोय असते, चालू ठेवा.

घ्यावी कुणी, तर जे गाडीवर फिरतात, ट्रेक करतात, ज्यांच्यासोबत घरचे असतात. घरचे थांबत नाहीत हो. "झालं का तुझं?" हा आवाज लेन्स बदलायच्या आत येतो. शिवाय आपल्या भागात धूळ आहे. तळेगाव-चाकण रस्त्याला थांबून लेन्स बदलायची म्हणजे जखम उघडी ठेवून फिरण्यासारखं आहे. अर्थात लांब-आखूड होणारी लेन्स स्वतःच भात्यासारखी थोडी हवा ओढते, धूळ आतल्या काचांवर येतेच, पण ती फोटोत सहसा दिसत नाही. सेन्सरवरची दिसते.

दोन सवयी मात्र लावून घ्या. गळ्यात उलटी लटकवली की ही लेन्स आपोआप घसरत लांब होते, बाजूला लॉकचं बटण असतं, गाडीवर बसताना ते लावा. मी एकदा विसरलो, देहूरोडच्या खड्ड्यांत ती टाकीवर आपटत आली. दुसरं, पावसाळा. बंद बॅगेत ठेवलेल्या लेन्सला आपल्याकडे जून ते सप्टेंबरमध्ये बुरशी धरते, काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते, आणि एकदा आत शिरली की खर्च लेन्सच्या किमतीच्या जवळ जातो. आईचा घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, त्यात बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या. पुड्या अधूनमधून बदलायच्या, नाहीतर त्याच ओल धरून बसतात. आईला डबा का गेला ते आधी सांगा.

एक राहिलं. यंदा जानेवारीत मी आणि पप्पा भोसरीला एका कामासाठी गेलो होतो. परत येताना पप्पा म्हणाले, कंपनीवरून जाऊ. त्यांची कंपनी चाकणला गेली, जागा मोठी आणि मोठे गिऱ्हाईक तिकडेच. जुन्या गेटवर आता दुसरी पाटी आहे, गेटला निळा रंग दिलाय. वॉचमन नवा, ओळखत नाही. माझ्या गळ्यात कॅमेरा होता. मी म्हणालो, "पप्पा, तिथे उभे राहता का? एक काढतो." मनात तेच होतं, तो गेटला हात लावलेला.

पप्पा म्हणाले, "कशाला? ते गेट आता आमचं नाही."

मग समोरच्या टपरीवर गेले. टपरीवाला जुनाच होता, त्याने न विचारता कमी साखरेचा दिला. दोघं बोलत उभे राहिले, कोण कुठे गेलं, कुणाची शुगर वाढली. मी रिंग फिरवून काढला. एक्झिफमध्ये बघितलं, ४२ आहे. पप्पा फुंकर मारून चहा पिताहेत, टपरीवाल्याचा हात हवेत, आणि मागे ते गेट, अर्धं, निळं. कोपरा उजवीकडे थोडा पिठूळ आहे. पप्पांनी फोटो बघितला आणि आधी तोच कोपरा दाखवला.

पुढच्या भागात सेकंडहँड कॅमेरा बॉडी घेताना शटर काउंट कसा बघायचा, त्यावर बोलू. आणि हो, पप्पा येणार आहेत त्या भागात, प्रश्न पाठवून ठेवा.